नळीची वाट : तिसऱ्या टप्प्याखालून माघार, आणि सॅकचा हिशेब

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की डिसेंबरात बेलपाड्याहून नळीच्या वाटेने, म्हणजे कोकणकड्याशेजारच्या घळीतून, हरिश्चंद्रगडावर चढून तारामतीचं शिखर गाठणार. पाचनई, तोलार खिंड, जुन्नर दरवाजा आणि साधले घाट या वाटा झाल्या, गडाची ही पाचवी वाट राहिली होती. ती अजून राहिलेलीच आहे. गेल्या रविवारी दुपारी पावणेतीनला तिसऱ्या कातळटप्प्याखालून परत फिरलो.

माकडनाळेची वाट आधी का नाही, असं दोघातिघांनी विचारलं होतं. तिथे दोराचं काम पदोपदी आहे आणि आमच्या चौघांपैकी बिले (चढणाऱ्याचा दोर सांभाळणं) नीट देता येणारे दोघेच. साधले घाटाने कोकणकड्यावर जाणं सुंदर, पण ती चालण्याची वाट. मला कड्याच्या पोटातून वर यायचं होतं. रोहिदास आणि कोकणकडा यांच्यामधल्या त्या घळीत उभं राहिलं की दोन्ही बाजूंच्या भिंती आभाळ इतकं अरुंद करून टाकतात की छाती दडपते. दोन वर्षं त्या घळीचे फोटो बघतोय, म्हणून निवड तीच केली आणि अजूनही तीच आहे.

आता रविवारचं. निघायचं साडेपाचला ठरलं होतं, बेलपाड्यातून पाय निघाला सव्वासातला. शनिवारी माळशेजच्या रस्त्यावर गाडीने त्रास दिला, पोचायला मध्यरात्र उलटली, झोप तीन तास. धोंड्यांचा पट्टा संपायला साडेअकरा वाजले. या धोंड्यांबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. सगळ्यांच्या वर्णनात रॉक पॅच (कातळटप्पे) आणि ट्रॅव्हर्स (कड्याला धरून आडवं जाणं) असतात, पण दम इथे जातो. खोलीएवढाले दगड, एकावरून दुसऱ्यावर, मध्येच एखादा डुगडुगणारा. पहिले दोन टप्पे मात्र मस्त झाले. दुसऱ्या टप्प्यावर आमच्यातल्या सर्वांत नव्या मुलीने दोन हात-दोन पायांपैकी तीन कायम कातळावर ठेवून, पाय नीट बघत, दोर सोबतीला ठेवून पण त्याला न लोंबकळता चढाई केली. ती वर पोचली तेव्हा खाली आम्ही टाळ्या वाजवल्या आणि घळीत त्यांचा आवाज केवढा घुमला! दिवसभरातला तो क्षण मला अजून पुरतोय.

तिसऱ्या टप्प्यावर गाडं अडलं. छातीच्या उंचीवर कातळ जरा बाहेर आलेला, त्याला वळसा घालून वजन डाव्या पायावर घ्यायचं, हात वर बऱ्या पकडीवर. काम एवढंच. पण पहिल्या माणसाला 40 मिनिटं लागली, दुसऱ्याला 35. माझी तिसरी पाळी. तीनदा गेलो, तिन्ही वेळा वळशाशी आल्यावर सॅक मला मागे ओढायची, पाय थरथरायला लागायचा आणि मी खाली यायचो. चौथ्यांदा पाय उचलण्याआधी घड्याळ पाहिलं. आणखी दोघांचा तासभर, पुढे ट्रॅव्हर्स, त्यावरचा घसारा. सहाला अंधार. त्या घसाऱ्यात अंधारात चौघं असणं मला मान्य नव्हतं. वरच्या दोघांना खाली उतरवून घेतलं. धोंड्यांच्या पट्ट्यात टॉर्च लावाव्या लागल्या, आणि गावात पोचलो तेव्हा साडेआठ झाले होते.

ज्यांच्या अंगणात उतरलो होतो त्या मामांनी एकच विचारलं, "उन्हं आत आली तेव्हा कुठं होता?" म्हटलं, तिसऱ्या टप्प्याखाली. "मग उशीर झाला होता," म्हणाले. त्यांचं घड्याळ साधं आहे. घळ पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळभर ती सावलीत असते आणि दुपारनंतर ऊन थेट आत शिरतं. ऊन शिरायच्या आत वरचे टप्पे संपलेले हवेत. मी हिवाळ्याचा अकरा तासांचा उजेड मोजून योजना केली होती. सावलीचे तास मोजायचे होते.

पण उशीर हे एकच कारण मानून गप्प बसवेना. निघायला उशीर झाला तरी पहिले दोन टप्पे धरले होते तेवढ्याच वेळात झाले होते. मग तिसऱ्यावरच का अडलो? चढताना काढलेले व्हिडिओ दोन रात्री पाहिले. चालीमागे चाल थांबवून पाहिली. पकडी बऱ्या आहेत, पाय ठेवायला जागा आहे, पाय चुकत नाहीत. चुकतं ते कमरेपाशी. वळशाशी येतो तेव्हा कंबर कातळापासून वीतभर बाहेर असते, कारण सॅक कातळाला अडते आणि अंग ढकलून देते.

घरी सॅक वजनकाट्यावर ठेवली. 12 किलो! त्यात पाणी 4 लिटर, तंबू, स्टोव्ह, भांडी, दोन दिवसांचा शिधा. डिसेंबरनंतर घळीत पाण्याचा भरवसा नाही म्हणून पाणी भरपूर घेतलं होतं, ते बरोबर होतं. बाकीचं मात्र सवयीने घेतलं होतं.

बुधवारी सुट्टी काढून मुंब्र्याच्या कातळावर गेलो. तसाच बाहेर आलेला एक टप्पा शोधला, वरून दोर लावला, आणि तीच चाल तीन तऱ्हांनी केली. 12 किलोची सॅक घेऊन : दोनदा सुटलो, वर पोचलो नाही. 6 किलोची : पोचलो, पण हात भरून आले. सॅक खाली ठेवून : चार मिनिटं. चार! वर बसून मी बराच वेळ त्या सॅककडे बघत होतो. रविवारपासून मनात घोळत होतं की नळीची वाट आपल्या आवाक्यातली नाही, ते त्या चार मिनिटांत गेलं.

म्हणजे सॅक ओढून घ्यायच्या. त्यातही एक अडचण निघाली. वरून सरळ ओढली की सॅक त्याच बाहेर आलेल्या कडेखाली अडकते. पहिल्या खेपेला तर तिथेच रुतली आणि खालच्याला चढून सोडवावी लागली. मग सॅकच्या तळाला दुसरी दोरी बांधली आणि ती खालच्या माणसाने कातळापासून लांब उभं राहून ताणून धरली. सॅक हवेत सुटी राहिली, सरळ वर गेली. ओढायला आणि ताणायला 8 मिमीची दोरी वापरली, 15 मीटरचे दोन तुकडे, मिळून सव्वा किलोच्या आसपास. ही दोरी फक्त सामानासाठी. माणूस चढणार तो मुख्य दोरावर, हेल्मेट आणि हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा) घालून. सॅक वर जाताना खाली कुणी उभं राहायचं नाही, ताणणाऱ्यानेही बाजूला, कारण त्या घळीत दगड सुटायला निमित्त लागत नाही.

बुटांबद्दलही लिहितो, कारण दोघांनी विचारलंय. या खेपेला मी एका नावाजलेल्या कंपनीचे महागडे बूट घातले होते. धुळकट कातळावर ते दोनदा सरकले. मुंब्र्याला जुने अॅक्शन कंपनीचे बूट घातले आणि पाय जिथे ठेवला तिथे राहिला. कातळावर पकड तळाच्या रबराची असते, आणि या बुटांचं रबर आपल्या बेसाल्टला चिकटतं. पुढच्या वेळी तेच.

टप्प्यांच्या जागा ध्यानात ठेवायला मला एक गोष्ट उपयोगी पडली. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांचा. कठीण थर आला की उभा कातळ, मऊ थर आला की तो झिजून पदर, म्हणजे सपाटीचा पट्टा. नळीत वर बघत हे थर मोजले की पुढचा टप्पा किती लांब आहे याचा अंदाज येतो, आणि टप्प्याखालच्या पदरावरच विसावा घ्यायचा हेही ठरवता येतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या मधल्या पदरावर आम्ही वीस मिनिटं वाया घालवली. तिथे पाणी पिऊन, हार्नेस तपासून, सॅक ओढायच्या दोऱ्या आधीच बांधून ठेवता आल्या असत्या.

इथपर्यंत लिहिलं आणि एक विचार आला. तंबू आणि स्टोव्ह नळीतून न्यायचेच कशाला? पाचनईकडून गड गाठायला दोन-तीन तास लागतात. आमच्या गटातल्या दोघांना गुडघ्यांमुळे नळी जमणार नाही, पण गडावर यायची त्यांना फार इच्छा आहे. त्यांनी राजूरमार्गे पाचनईला यावं, मुक्कामाचं सामान घेऊन कोकणकड्यावर आमची वाट बघावी. मग नळीत प्रत्येकाकडे पाणी, खाऊ, टॉर्च आणि एक गरम कपडा, म्हणजे 5 किलोच्या आत. तेवढं ओझं असेल तर तिसऱ्या टप्प्यावर सॅक ओढायचीच गरज पडू नये, तरी दोऱ्या सोबत असतीलच. शिवाय संध्याकाळपर्यंत कड्यावर पोचलो नाही तर वरून बघणारी माणसं असतील. ही गोष्ट मला वजनापेक्षा मोठी वाटते.

परतीचंही त्यामुळे बदललं. आधी तोलार खिंडीने उतरून खिरेश्वर गाठायचं होतं. पण गाडी बेलपाड्यात असणार, म्हणून आता साधले घाटाने उतरू. ओळखीची वाट आहे, आणि उतरताना नळीत दोर लावत बसण्यापेक्षा कितीतरी बरी. पाचनईकडून आलेले दोघे पाचनईलाच परत जातील.

तर नवी योजना अशी. शुक्रवारी रात्रीच बेलपाड्यात मुक्काम. शनिवारी पहाटे पाचला टॉर्च लावून घर सोडायचं, साडेसहाला नळीच्या तोंडाशी, दहापर्यंत धोंडे संपवायचे, बारा वाजता तिसरा टप्पा पायाखाली. बारा वाजताही त्याच्या खालीच असलो तर तिथूनच मागे. रविवारी सकाळी उजाडताना तारामती. मामांना आजच फोन केला. ते स्वतः ट्रॅव्हर्सपर्यंत सोबत यायला तयार आहेत.

ज्यांनी अलीकडे तिसरा टप्पा केलाय त्यांना एक विचारायचंय. वरून बिले देताना अँकर (दोर बांधायचा आधार) कुठे घेतला? आमच्या पहिल्या गड्याने मोठ्या दगडाला टेप स्लिंग (शिवलेल्या पट्ट्याचं कडं) घातली होती. दगड हलला नाही, पण मला तो एकटा दगड पुरेसा वाटत नाही. दुसरी भक्कम जागा माहीत असेल तर सांगा. 3 जानेवारीला निघतोय.