जोडगाणी, नोंद 14 : काळी एक की पांढरी एक?

एकाच गाण्याची दोन गायकांनी गायलेली रूपे मी या नोंदींत जोडीने तपासतो. मागील नोंदीत मी ठामपणे लिहिले होते की ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ हे गाणे बॉब डिलन आणि जिमी हेन्ड्रिक्स या दोघांनीही काळी एकमध्येच (पेटीची पहिली काळी पट्टी; तिच्या अर्ध्या सुराने खालची ती पांढरी एक) गायले आहे आणि त्यामुळे ही जोडी आपल्या यादीत ‘समसूर’ या रकान्यात जाईल. ते विधान मी आज मागे घेतो. नांदेडच्या आपल्या गिटारवादक मित्राने त्याच दिवशी हरकत घेतली होती की हेन्ड्रिक्सची गिटार अर्ध्या सुराने उतरवलेली आहे, त्यामुळे बोटे काळी एकची धरली तरी कानावर पांढरी एकच यायला हवी. त्यावर मी ‘माझ्यासमोर पेटी आहे’ असे काहीसे उद्धट उत्तर दिले होते. पेटी खरोखरच समोर होती, पण तिच्या शेजारचा कॅसेट डेक खोटे बोलत होता आणि ते खोटे उघडे पाडण्यात माझे तीन आठवडे गेले.

पहिला संशय अर्थातच पेटीवर गेला, कारण ती आमच्या गल्लीतील भजनी मंडळाची आहे आणि परभणीच्या उन्हाळ्यात तिचे स्वर किती स्थिर राहत असतील याची मला खात्री नव्हती. मोबाइलमधील ट्यूनरवर तपासले, तेव्हा काळी एक जेमतेम 6 सेंटने उतरलेली निघाली. अर्धा सूर म्हणजे 100 सेंट, त्यामुळे पेटी निर्दोष सुटली. मग माझी मूळ चूक लक्षात आली. डिलनचे गाणे मी मोबाइलवर ऐकले होते आणि हेन्ड्रिक्सचे काकांच्या जुन्या कॅसेटवर. दोन वेगळ्या तराजूंवर तोललेल्या मालाची मी तुलना करत होतो.

डेकचा बेल्ट मी फेब्रुवारीत बदलला, हे नोंद 11 मध्ये आले आहे. जुना बेल्ट वितळून फ्लायव्हीलला, म्हणजे टेप ओढणाऱ्या जड चाकाला, डांबरासारखा चिकटला होता आणि स्पिरिटने पुसताना बोटे दोन दिवस काळी राहिली होती. नवा बेल्ट ज्या दुकानदाराने कुरिअरने पाठवला, त्याला मी 1 मिलिमीटर जाडी स्पष्ट लिहून कळवली होती, आणि त्याने ‘सगळ्यांना हाच बसतो’ असे सांगत 1.2 मिलिमीटरचा पाठवला. बसतो हे खरे आहे. परंतु मोटारची पुली लहान असते, जाड बेल्टमुळे तिचा परिणामी व्यास वाढतो आणि टेप सेकंदाला 4.76 सेंटिमीटरऐवजी थोडी जास्त धावते. 3150 हर्ट्झचा स्वर भरलेली चाचणीची कॅसेट लावली, तर मीटरवर 3213 आले, म्हणजे बरोबर 2 टक्के जास्त. मोजमापासाठी व्हर्नियर न वापरता बेल्ट विकणाऱ्यांविषयी माझे मत येथे सविस्तर लिहीत नाही.

योग्य जाडीचा बेल्ट मिळाल्यावर आकडा 3154 वर आला आणि मला वाटले की प्रश्न सुटला. हेन्ड्रिक्सची कॅसेट लावली, तर सूर अजूनही पांढरी एकच्या 68 सेंट वर. त्या रात्री मी वैतागून मोटारच्या मागील छिद्रात बारीक स्क्रूड्रायव्हर घातला आणि वेग ठरवणारा प्रिसेट फिरवून हेन्ड्रिक्सला बळेच पांढरी एकवर आणले. परिणाम असा झाला की कंपनीच्या छापील कॅसेटींमधील प्रत्येक गायक सर्दी झाल्यासारखा उतरला. प्रिसेट पुन्हा मूळ जागी आणायला दुसरी रात्र गेली, कारण मध्येच वीज गेली आणि मोटार गरम झाल्याशिवाय वेग स्थिर होत नाही.

उलगडा झाला तो गाण्यात नव्हे, तर गाण्याआधीच्या शांततेत. काकांनी 1986 साली मित्राच्या रेकॉर्ड प्लेअरच्या स्पीकरसमोर टू-इन-वनचा (रेडिओ आणि कॅसेट रेकॉर्डर एकत्र) माइक धरून हे ध्वनिमुद्रण केले होते, त्यामुळे गाणे सुरू होण्यापूर्वी सहा-सात सेकंद विजेची गुणगुण ऐकू येते. ही गुणगुण घरातील विजेच्या फ्रिक्वेन्सीइतकी, म्हणजे 50 हर्ट्झची असायला हवी. संगणकावर आलेख काढला, तर ती 51.6 निघाली. म्हणजे दोष आजच्या डेकमध्ये नसून त्या दिवशीच्या टू-इन-वनमध्ये होता: तो हळू चालत होता, म्हणून योग्य वेगाच्या यंत्रावर गाणे पळते. 68 सेंट म्हणजे 4 टक्के, त्या हिशोबाने 52 यायला हवे होते. पण त्या काळी वीज कमी पडली की ग्रीडची फ्रिक्वेन्सी 50 च्या खाली घसरत असे, तेव्हा एवढा फरक मी सोडून देतो. जाड बेल्टचे 2 टक्के आणि काकांच्या टू-इन-वनचे 4 टक्के एकत्र आले की 102 सेंट होतात, जवळजवळ नेमका अर्धा सूर. दोन चुकांनी मिळून मला इतकी निर्दोष काळी एक दिली होती की संशय यायला जागाच उरली नाही.

दुरुस्ती आता डेकवर न करता संगणकावरच करतो. येथे एक सूचना: 4 टक्के पुढे गेलेले गाणे 4 टक्क्यांनी मागे आणले की ते किंचित जास्त उतरते, बरोबर आकडा उणे 3.85 आहे. तो घातला आणि हेन्ड्रिक्स पेटीच्या पांढरी एकवर येऊन असा बसला की मी भाता दाबून धरून संपूर्ण गाणे ऐकले. डिलनचे मूळ गाणे डिसेंबर 1967 च्या अल्बममधले, अडीच मिनिटांचे, गिटार आणि माउथ ऑर्गनवर जवळजवळ पुटपुटल्यासारखे गायलेले. हेन्ड्रिक्सने जानेवारी 1968 मध्येच लंडनमध्ये ते हाती घेतले आणि चार मिनिटांचे वादळ करून टाकले. पुढे स्वतः डिलनही मैफलीत ते हेन्ड्रिक्सच्या अंगाने वाजवू लागला, एवढे त्या पुनर्गायनाचे वजन होते. खऱ्या वेगात त्याचा आवाज माझ्या आठवणीपेक्षा जाड आणि निवांत आहे. पस्तीस वर्षे मी ज्या हेन्ड्रिक्सवर प्रेम केले, तो थोडा घाईत असलेला माणूस होता.

या कॅसेटवर तिसऱ्या मिनिटाला, गिटार ऐन रंगात असताना, काकांचा आवाज येतो: “दार लाव, कुत्रं आत येईल.” दुरुस्त केलेली प्रत काकूंना ऐकवली. गाण्याविषयी त्या काही बोलल्या नाहीत, पण ते वाक्य आल्यावर म्हणाल्या, “आता ह्यांच्यासारखं वाटायलंय. आधी कुणी पोरगंच बोलल्यासारखं वाटायचं.” ट्यूनरपेक्षा हा पुरावा मला अधिक पटला.

रकान्याचा प्रश्न मात्र उरतो. ‘समसूर’मधून ही जोडी आता ‘अर्धा सूर उतरलेली’ या रकान्यात जाईल. खरे तर पुढची नोंद ‘विथ अ लिट्ल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स’वर ठरली होती: बीटल्सचे 1967 चे गाणे केरव्यात डुलत जाते आणि जो कॉकरने 1968 मध्ये त्याचा संथ दादरा केला, हे तबल्यावर दाखवायचे होते. पण हे लिहितानाच ध्यानात आले की काकांच्या इतर अकरा कॅसेटी त्याच टू-इन-वनवर भरलेल्या आहेत आणि त्यांच्या आधारे मी नोंद 5 ते 9 लिहिल्या आहेत. तेव्हा कॉकर थांबेल. आधी त्या अकरा कॅसेटींची गुणगुण मोजतो, आणि नोंद 7 मधील तक्ता कोणी उतरवून घेतला असेल, तर तूर्त त्यावर विसंबू नये.