दोन थेंबांच्या मधली दहा मिनिटं

गेला दीड महिना इथे काहीच लिहिलं नाही कारण मी सांगलीत होतो, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन म्हणाल तर अर्ध्या तासाच्या आतलं पण नंतरची पथ्यं भरपूर. वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, फोडणीच्या धुरात उभं राहायचं नाही, आणि दोन औषधं दिवसातून चार वेळा, पहिल्याचा थेंब घातला की दहा मिनिटं थांबून मग दुसऱ्याचा. त्या दहा मिनिटांत आई खिडकीजवळच्या खुर्चीत डोळे मिटून बसायची आणि म्हणायची, बोल की काहीतरी. आता दिवसातून चार वेळा, दहा-दहा मिनिटं, रोज नवीन काय बोलणार? शेजारच्यांचं झालं, मामाचं झालं, माझ्या ऑफिसचं झालं. चौथ्या दिवशी मी कपाटातून लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, ‘स्मृतिचित्रे’, काढलं आणि मोठ्यानं वाचायला लागलो, आणि तिथून पुढे हा सगळा पावसाळाच बदलला.

आमची प्रत जुनी आहे, २०१९च्या पुरात कपाटाच्या खालच्या फळीवर होती. तेव्हा आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आमचा तळमजला पूर्ण पाण्यात, आणि पाणी ओसरल्यावर जी दहा-बारा पुस्तकं वाळवून वाचवता आली त्यातलं हे एक. पानं फुगलेली, कडेला चहासारखा तपकिरी डाग प्रत्येक पानावर त्याच उंचीवर, आणि वास अजून येतो. आईनं ते तेव्हा एकेका पानात वर्तमानपत्राचा कागद घालून वाळवलं होतं, पंख्याखाली, चार दिवस. त्यामुळे पान उलटताना मी जरा जपूनच उलटायचो आणि आई डोळे मिटलेले असताना सुद्धा म्हणायची, हळू रे.

मी हे पुस्तक कॉलेजात असताना वाचलं होतं, आवडलंही होतं, पण खरं सांगतो, तेव्हा मी ते फक्त डोळ्यांनी वाचलं. मोठ्यानं वाचताना कळलं की हे लिहिलेलं नाहीच, हे बोललेलं आहे. लक्ष्मीबाईंचं वाक्य बरोबर एका श्वासात बसतं, कुठे थांबायचं ते शोधावं लागत नाही, आणि एखादी मोठी गोष्ट सांगून झाली की बाई तिथे रेंगाळत नाहीत, पुढच्या कामाला लागतात, जशा घरातल्या बायका दळण निवडता निवडता बोलतात ना तसं. त्यांना अक्षरओळख झाली तीच मुळी लग्नानंतर, नवऱ्यानं, म्हणजे कवी नारायण वामन टिळकांनी, शिकवलं म्हणून, आणि आत्मचरित्राचा पहिला भाग आला १९३४ साली, म्हणजे वयाच्या पासष्टी-सहासष्टीत. पुस्तकी मराठीचं वळण हाताला लागलंच नाही, आणि माझ्या मते आपल्या भाषेचं ते भाग्यच म्हणायला पाहिजे.

सुरुवातीलाच त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचं वर्णन येतं, मीठसुद्धा धुऊन घ्यायचे ते. मी हे वाचल्यावर आई एकदम म्हणाली, थांब, आणि मग तिच्या आजीचं सोवळं सांगायला लागली, ती आजी नळाचं पाणी आलं तरी आडाचंच वापरायची, आणि ओलेत्यानं आडावरून स्वयंपाकघरापर्यंत जाताना पोरांना भिंतीला चिकटून उभं राहायला लागायचं. हे मी आजवर कधीच ऐकलेलं नव्हतं. माझं वय चाळीस, आणि आईच्या आजीबद्दल मला फक्त नाव माहीत होतं. पुस्तकाची चार पानं झाली की आईची दोन पानं, असा हिशेब पुढे चालूच राहिला आणि मी ते सगळं फोनवर रेकॉर्ड करायला लागलो, तिला सांगून.

१८९५ साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढची काही वर्षं ही दोघं वेगळी राहिली, तो भाग रात्रीच्या साडेआठच्या थेंबाला आला. मी वाचत होतो आणि बघतो तर आईच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी, थेंब गेला वाहून. परत घातला, परत दहा मिनिटं मोजली. ती म्हणाली, आज इथेच थांबू. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र चहा व्हायच्या आधीच विचारलं, पुढं काय झालं वाच. पुढे काय झालं तर बाई नवऱ्याकडे परत राहायला गेल्या पण आपलं सोवळं-ओवळं सोडलं नाही, आणि नंतर स्वतःच्या डोक्यानं विचार करून, कुणी सांगितलं म्हणून नाही, जातपात मनातून काढून टाकली, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. नवरा गेला म्हणून त्याच्यामागून गेल्या असं जे वरवर वाटतं ते तसं अजिबात नाही. हे मला कॉलेजात कळलेलं नव्हतं. आईला एका बैठकीत कळलं, म्हणाली, बाई आपल्या पायानं गेली.

दुसऱ्या आठवड्यात टीव्हीला परवानगी मिळाली, तो काळा चष्मा लावून आणि थोडाच वेळ. आधी सगळे बघतायत म्हणून एक नवीन क्राइम सिरीज लावली, तीन भागांवर बंद केली, कारण पार्श्वसंगीत एवढं ढणढणतं की बोललेलं कानावर येतच नाही. मग यूट्यूबवर प्रभातचा ‘संत तुकाराम’ लावला, १९३६चा, तीन हप्त्यांत बघितला. प्रिंटवर रेघा आहेत, आवाज खरखरीत आहे, आणि पाच मिनिटांत ते सगळं विसरायला होतं.

विष्णुपंत पागनीसांबद्दल लोक खूप बोलतात आणि ते बरोबरच आहे. आधी नाटकात स्त्रीभूमिका करणारा हा माणूस, आणि त्यांच्या तुकोबांच्या चालण्या-बघण्यात जी मऊ लाज आहे ती बहुतेक तिथूनच आली असेल असं मला बघताना सारखं वाटत होतं. पण मला ह्यावेळी सिनेमा गौरीबाईंचा वाटला. आवली, म्हणजे तुकोबांची बायको, केलीय त्यांनी. प्रभातमध्ये साध्या कामाला लागलेल्या ह्या बाई, पण म्हशीला धुताना त्यांचा हात बघा, कोपरापासून मनगटापर्यंत कसा चालतो, हे कुणी शिकवून येत नाही, ज्यानं आयुष्यात जनावर धुतलंय त्याचाच हात तसा चालतो. पोरगं आजारी पडल्यावर ती देवावर संतापून चप्पल घेऊन देवळात जाते, तो प्रसंग बघताना आई खुर्चीत पुढे सरकून बसली. आणि शेवटी तुकोबा वैकुंठाला निघालेत, विमान यायचंय, आणि ही बाई आपली घरच्या स्वयंपाकाच्या काळजीत, ती इथेच राहते. दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी तो शेवट जसा घेतलाय ना, स्वर्ग एकीकडे आणि चूल एकीकडे आणि दोन्हीकडे सारख्याच मायेनं बघितलंय, त्याला तोड नाही. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात ह्याचा गौरव झाला, तिथल्या लोकांना अभंगातलं किती कळलं असेल देव जाणे, आवली मात्र नक्की कळली असणार.

एक गंमत आईला माहीत नव्हती ती मी सांगितली. ‘आधी बीज एकले’ हे तुकोबांचं नाही, सिनेमासाठी शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं आहे, आणि ते इतकं अस्सल उतरलं की अभ्यासक मंडळींनीसुद्धा ते गाथेत शोधलं म्हणतात. आई दोन मिनिटं गप्प. मग म्हणाली, आम्ही शाळेत प्रार्थनेला म्हणायचो की रे हे, तुकारामाचं म्हणूनच. आणि मग अख्खं म्हणून दाखवलं, एकही शब्द न अडखळता.

ते ऐकताना माझ्या डोक्यात आलं की हिचा तानपुरा माळ्यावर आहे. लग्नाआधी ती गाणं शिकत होती, परीक्षा दिल्या होत्या, मग संसारात ते मागे पडलं ते पडलंच. वरच्या माळ्यावर होता म्हणून पुरातून वाचला. काढला तर खोळीवर बोटभर धूळ, एक तार तुटलेली, बाकीच्या गंजलेल्या, पण भोपळ्याला चीर नव्हती. डॉक्टरांनी बाहेर जायला हरकत नाही म्हटल्यावर चौथ्या आठवड्यात रिक्षा करून मिरजेला सतारमेकर गल्लीत घेऊन गेलो.

मिरजेतली ही वाद्यं बनवणारी घराणी मूळची शिकलगार, म्हणजे तलवारी-हत्यारं करणारी. हत्यारांची मागणी संपत आली तसे एकोणिसाव्या शतकात ते सतार-तानपुऱ्याकडे वळले, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. सांगलीपासून जेमतेम दहा किलोमीटर, आणि मी लहानपणापासून शंभर वेळा मिरजेला गेलो असेन, जंक्शनवर गाडी बदलायला. ह्या गल्लीत कधी पाऊल टाकलं नव्हतं.

ज्या कारागिरांकडे गेलो त्यांनी तानपुरा आडवा मांडीवर घेतला, नवीन तारा चढवल्या आणि मग जवारी काढायला बसले. जवारी म्हणजे काय ते मी पहिल्यांदा इतक्या जवळून बघितलं. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा सपाट दिसतो पण तो किंचित उतरता असतो, आणि तार त्या उतारावर नुसती टेकत नाही, हलताना ती त्या पृष्ठभागाला पुन्हा पुन्हा हलकी शिवत राहते, त्यातून तो गुंजणारा, भरलेला आवाज येतो. ते बारीक कानशीनं दोन हात मारायचे, फुंकर घालायचे, तार छेडायचे, मान हलवायचे, परत दोन हात. माझ्या डोळ्याला घोडीत काहीही फरक दिसत नव्हता. पाऊण तास हे चाललं. शेवटी त्यांनी सुती दोऱ्याचा एक छोटा तुकडा तारेखाली घातला आणि नखानं तो केसभर पुढे, केसभर मागे असा सरकवत राहिले, आवाज बसका, बसका, आणि एका जागेवर आल्याबरोबर एकदम उघडला. म्हणजे बंद खोलीचं दार कुणी उघडावं तसा. आई डोळे मिटूनच बसली होती, थेंबांची वेळ नव्हती तरी. कारागीर म्हणाले, मावशी, तुमच्या कानाला बरोबर वाटतंय का सांगा, आणि तिनं सांगितलं की पंचम किंचित चढलाय. त्यांनी तारेतला सूर जुळवायचा मणी जरासा सरकवला. बरोबर होतं तिचं.

येताना मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेलो. अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर तिथे आहे, १९३७ साली ते गेले, आणि दर वर्षी उरुसात तिथे गायक-वादक हजेरी लावतात. घरी आल्यावर त्यांच्या जुन्या रेकॉर्डी ऐकायचा सपाटाच लावला. तेव्हाच्या रेकॉर्डची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची, तेवढ्यात सगळं सांगायचं. ‘पिया बिन नहीं आवत चैन’ ही झिंझोटीतली ठुमरी, हीच रेकॉर्ड लहानपणी ऐकून भीमसेन जोशी गाण्यासाठी घर सोडून गेले ती. आवाज बारीक, टोकदार, पण कुठेही टोचत नाही, सुरावर असा जाऊन बसतो की हललाच नाही वाटतं, आणि मग कळतं की तो आत आत सरकतोय. पहिल्या दिवशी आम्ही ती एका दमात सहा वेळा ऐकली. नंतर हिराबाई बडोदेकर लावल्या, खाँसाहेबांच्या कन्या, त्यांचाही जन्म मिरजेचाच, आणि आई म्हणाली आमच्या बाई आम्हाला हिराबाईंसारखं गा म्हणून नाही, हिराबाईंसारखं बसून गा म्हणून सांगायच्या, चेहरा वाकडा न करता.

बाकी छोटी छोटी सुखं. संध्याकाळी पाऊस थांबला की आयर्विन पुलावर चालत जायचं आणि पाणी किती फुटांवर आलंय ते बघायचं, हे सांगलीकरांचं जुलै-ऑगस्टचं कामच आहे, चाळीसला इशारा आणि पंचेचाळीसला धोका हे इथं शाळकरी पोरगंही सांगेल. यंदा मी होतो तोवर पाणी खालीच राहिलं, त्यामुळे नुसतं बघायला मिळालं, कृष्णा गढूळ लाल, वरून बगळ्यांच्या रांगा. येताना भडंग, वर कच्चा कांदा घालून. आणि एक वाकळ शिवायला घेतली आहे आईच्या जुन्या सुती साड्यांची, तिला सुई धरायची नव्हती म्हणून ती सांगत होती आणि मी धावदोरा घालत होतो, कडेनं सुरू करून आत आत जायचं. दोन बाजू झाल्यात. पहिल्या बाजूचे टाके लांब आहेत आणि दुसऱ्या बाजूचे त्याच्या निम्मे, हे आईनं नवीन डोळ्यानं बघून लगेच सांगितलं.

आता मी पुण्यात परत आलोय. थेंब बंद झाले, चष्म्याचा नंबर निघाला, ती स्वतः वाचू शकते, परवा तिनं पुस्तक हातात घेऊन दोन पानं वाचलीसुद्धा. मग फोन केला, म्हणाली माझ्या माझ्या वाचण्यात बाईंचा आवाज येत नाही, तूच वाच. पुराची प्रत तिच्याकडेच ठेवली आहे, मी इथे नवी विकत घेतली. रोज रात्री साडेआठला फोन स्पीकरवर टाकतो, पलीकडून आधी तानपुरा थोडा वेळ ऐकू येतो, मग ती तो खाली ठेवते आणि म्हणते, हं, वाच.