चोरून आलेला अश्रू

गुरुवार, रात्री साडेअकरा

भांडी आवरून झाल्यावर आज पुन्हा इटालियन संगीतकार डोनिझेत्तीच्या ऑपेरातलं, म्हणजे संगीत नाटकातलं, 'उना फुर्तिवा लाग्रिमा' हे गाणं लावलं. चोरून आलेला एक अश्रू. किती वर्षं ऐकतेय, तरी बासूनचे पहिले स्वर आले की आजही गळा दाटतो. बासून हे फुंकून वाजवायचं, खर्जातलं वाद्य, पण इथे ते आपल्या वरच्या स्वरांत गातं. त्यामुळे त्याचा आवाज थोडा ओढल्यासारखा येतो, बोलायचं आहे पण धीर होत नाही अशा माणसासारखा. खाली हार्पचे झंकार, सहा मात्रांचा संथ झोका.

हे गाणं म्हणणारा नेमोरिनो खेड्यातला भाबडा मुलगा, आदीनावर जीव टाकणारा. एक भोंदू वैदू त्याला प्रेमाचं औषध म्हणून बोर्दोची वाइन विकतो. दुसऱ्या बाटलीसाठी पैसे हवेत म्हणून हा सैन्यात नाव नोंदवून येतो. मग गावातल्या मुली त्याच्याभोवती गोळा होतात, आदीनाच्या डोळ्यांत पाणी तरळतं आणि ते त्याला दिसतं. औषधाबद्दल तो साफ फसलेला आहे, पण अश्रूबद्दल नाही. मला तो यासाठीच फार आवडतो.

आनंदाची बातमी, आणि चाल मात्र कोमल गंधाराची, उदास! पहिल्या कडव्यात 'मामा', म्हणजे 'तिचं माझ्यावर प्रेम आहे', हे शब्द येतात तेव्हा त्या कोमल गंधारालाच षड्ज मानून चाल उजळते, आपल्याकडे मूर्च्छनेने राग पालटावा तशी. लगेच पुन्हा सावट. दुसऱ्या कडव्यात मात्र षड्ज जागचा हलत नाही, त्याच षड्जावर शुद्ध गंधार लागतो. आज तो स्वर ऐकताना खरंच अंगावर काटा आला. इतका वेळ नेमोरिनोचा स्वतःच्या नशिबावर विश्वास बसत नव्हता, तो तिथे बसला.

१८३२च्या मे महिन्यात मिलानमध्ये हा ऑपेरा पहिल्यांदा झाला. असं सांगतात की शब्द लिहिणाऱ्या फेलिचे रोमानीला हे गाणं इथे नको होतं, रंगात आलेली गोष्ट थबकेल म्हणून. डोनिझेत्तीने हट्ट सोडला नाही. थबकते हे खरंच, पण थबकायलाच हवं. बाकी सगळा गोंधळ, विनोद, गर्दी. हा एकटा क्षण नसता तर नेमोरिनो आपल्याला नुसता वेडाच वाटला असता.

गायक कारुसोचं १९०४चं ध्वनिमुद्रणही ऐकलं. साथीला फक्त पियानो. आवाज काय सोन्यासारखा! पण बासून नाही, याची चुटपुट लागते.

शेवटी 'प्रेमाने मरण आलं तरी चालेल' म्हणताना वाद्यं थांबतात. आवाज एकटाच वर चढतो, वळसे घेत हळूहळू खाली उतरतो. तेवढा वेळ मी श्वाससुद्धा जपून घेते.