७० की ९९? स्पिरिट घेताना हे एकदा वाचा

मेडिकलवर उभं राहिलं की हे हमखास कानावर पडतं, "भाऊ, ९९ टक्केवालं आयपीए आहे का? स्ट्राँग पाहिजे." आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, जंतू मारायचं स्पिरिट. आणि दुकानदार काढून देतो, कारण त्याच्याकडे असतं आणि गिऱ्हाईक मागतंय. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या मायक्रो लॅबमध्ये, म्हणजे जंतू तपासणाऱ्या लॅबमध्ये आहे, दिवसभर हाताला त्या आयपीएचाच वास असतो, त्यामुळे असं ऐकलं की मला राहवत नाही, मी मध्ये बोलतेच. जंतू मारायचे असतील तर ७० घ्या, ९९ नको.

लोकांना खरंच पटत नाही हे. पाणी घातलं म्हणजे दुधात पाणी घातल्यासारखं, माल हलका झाला, असंच वाटतं. पण आमच्याकडे क्लीनरूममध्ये, जिथे तपासणीच्या प्लेटवर एक कॉलनी, म्हणजे जंतूंचा एक ठिपका जरी उगवला तरी चौकशी बसते, तिथे टेबल पुसायला आणि ग्लोव्हजवर मारायला ७० टक्केच वापरतात. कॅनमधून येतं ते ९९ च, आणि आम्ही त्यात मुद्दाम पाणी घालतो!

कारण असं की अल्कोहोल जंतूच्या अंगातलं प्रोटीन बिघडवतं, आणि ते काम नीट व्हायला पाणी लागतं. नुसतं अल्कोहोल बाहेरचं प्रोटीन झटकन गोठवून टाकतं आणि आतपर्यंत शिरायचं राहून जातं, शिवाय ते इतक्या पटकन उडतं की जंतू मरायला वेळच मिळत नाही. ७० वालं हळू उडतं. आणि वेळ हा अर्धा खेळ आहे हो, फवारलं आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसलं तर काय उपयोग, जागा निदान अर्धा-एक मिनिट ओली दिसली पाहिजे, मग आपोआप सुकू द्यायची.

७० हा काही मंत्राचा आकडा नाही तसा. साधारण ६० ते ९० च्या मधे काम होतं, ५० च्या खाली गेलं की एकदम ढेपाळतं. डब्ल्यूएचओचं हाताला लावायचं जे सूत्र आहे त्यात इथेनॉल असेल तर ८० टक्के आणि आयसोप्रोपिल असेल तर ७५ टक्के आहे. त्यातच ०.१२५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साईडपण असतं आणि ते हातावरच्या जंतूंसाठी नसतं, बाटलीतल्याच द्रावणात काही स्पोअर, म्हणजे कडक कवचात झोपलेले जंतू, असतील तर ते मारायला असतं. म्हणजे बघा, काही बॅक्टेरिया स्पोअर करून अल्कोहोलमध्येसुद्धा आरामात टिकून राहतात! म्हणून आमच्याकडे ७० टक्के आयपीए ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून मगच आत जातं, आणि अधूनमधून स्पोअर मारणारं वेगळं केमिकल फिरवावं लागतं. नोरोव्हायरससारखे पोटाचे व्हायरसही अल्कोहोलला फारशी दाद देत नाहीत, तेव्हा घरात कुणाला उलट्या-जुलाब चालू असतील तर सॅनिटायझरच्या भरवशावर राहू नका, साबण आणि वाहतं पाणी.

अजून एक, अल्कोहोल मळ काढत नाही. तेलकट ओटा, रक्ताचा डाग, मातीचे हात, यांच्यावर ओतलं तर ते त्या घाणीतच संपून जातं. आधी धुवा, मग मारा. उघड्या जखमेवर तर ओतूच नका, आग होते म्हणजे औषध लागू पडतंय असं काही नसतं, उलट जखमेतल्या चांगल्या पेशीही मरतात. तिथेही साबण-पाणीच. आणि घरी शुगर तपासणाऱ्या काका-काकूंसाठी खास, आता द्राक्षांचा सीझन आला की घराघरात पेट्या येतात, द्राक्षं खाऊन नुसतं स्पिरिटच्या कापसाने बोट पुसलं आणि टोचलं तर बोटावरची साखर थेंबात उतरते आणि आकडा उगाच वाढलेला दिसतो. पाण्याने धुवा, कोरडं करा, मग टोचा.

मग ९९ कशाला विकतात? इलेक्ट्रॉनिक्ससाठी. एमजी रोडला मोबाईल रिपेअरवाल्याच्या टेबलाशी जरा थांबून बघा, बॅटरी काढून ठेवतो, ब्रश ९९ मध्ये बुडवतो आणि बोर्डावरचा पिवळट फ्लक्स, म्हणजे सोल्डरिंगनंतर उरलेला चिकट थर, घासून काढतो, दोन मिनिटांत बोर्ड कोरडा ठणठणीत. तिथे ७० वापरलं तर ३० टक्के पाणी बोर्डावर राहणार. स्क्रीन पुसायला मात्र ७० चालतं, फक्त कापडावर घेऊन, थेट स्क्रीनवर फवारायचं नाही. अ‍ॅक्रिलिक आणि पॉलिश केलेल्या लाकडापासून दोन्ही लांब ठेवा, अ‍ॅक्रिलिकला तडे जातात आणि पॉलिश उतरतं.

निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदार मंडळींसाठीही हे कामाचं आहे. छाटणीच्या वेळी रोगट वेलीवरून चांगल्या वेलीवर जाताना कात्री ७० टक्क्यांत बुडवून घेतली तर रोग कात्रीवरून पुढे जायचा धोका बराच कमी होतो, आणि ब्लीचने जसं पातं गंजतं तसं यात होत नाही. फक्त आधी चीक-माती पुसून घ्यायची. आणि वायनरी बघून आलेले पाहुणे विचारतात की वाईनने पुसलं तर, तर नाही हो, वाईन १२-१३ टक्के, एवढ्यात तर ती बनवणारं यीस्ट स्वतः जगतं.

९९ चा कॅन आधीच घेऊन ठेवला असेल तर फेकू नका, त्याचं ७० करता येतं. मापात साधारण ७१० मिली घ्या आणि वर १ लिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरा. २९० मिली वेगळं मोजून ओतू नका, अल्कोहोल आणि पाणी एकत्र आलं की दोघांचं मिळून माप थोडं कमी भरतं. पाणी डिस्टिल्ड, म्हणजे बॅटरीत टाकतात ते, नळाच्या पाण्याने पांढरे डाग राहतात. बाटलीवर नाव, टक्के, तारीख लिहाच, आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरू नका, घरातलं पोर पिऊन टाकेल. ब्लीचमध्ये मिसळायचं तर नावही काढू नका, विषारी वाफ होते.

सुट्टं, लेबल नसलेलं स्पिरिट स्वस्त मिळालं तरी घेऊ नका, कारण त्यात मिथेनॉल असू शकतं. ते कातडीतूनही अंगात जातं आणि पोटात गेलं तर डोळे जातात, जीव जातो. वासावरून ओळखू येत नाही, त्यामुळे लेबलवर आयसोप्रोपिल किंवा इथेनॉल असं स्पष्ट लिहिलेलंच घ्यायचं.

आणि आग. पाणी घातलेलं ७० सुद्धा २० अंशांच्या खालीच पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० ला टेकतो. बंद गाडीत, गॅसशेजारी, देवघराच्या खालच्या कप्प्यात बाटली ठेवू नका. हाताला लावलं की चोळून पूर्ण सुकू द्या आणि मगच निरांजन लावा, उजेडात त्याची ज्योत निळसर असते, पटकन दिसतसुद्धा नाही.