बडोद्यातली दिवाळीची रांगोळी: पंखा बंद आणि तोंडाला फडकं

दिवाळीत बडोद्याला यायचा बेत असेल तर धनत्रयोदशी ते लाभपाचम (कार्तिक शुद्ध पंचमी) हे दिवस धरा. शाळांना तीन आठवड्यांची सुट्टी असते, सभागृहं रिकामी असतात आणि गावातले रांगोळी कलाकार वर्षातून एकदा फोटोंवरून, चित्रांवरून काढलेल्या मोठ्या रांगोळ्या तिथे मांडतात. प्रदर्शनं पुण्यामुंबईतही भरतात, पण इथे पाठीशी शहर वेगळं आहे. सयाजीरावांच्या काळातलं १८९०चं कलाभवन (कला आणि कारागिरी शिकवणारी संस्था), १९५०पासूनची फाइन आर्ट्स फॅकल्टी, आणि राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्याची मूळ चित्रं. पौराणिक चित्राची रांगोळी काढणाऱ्याला कॅलेंडरच्या छपाईवर विसंबावं लागत नाही. छपाईत तांबडा भडक होतो, अंगाचा रंग गुलाबी पडतो. मूळ चित्रासमोर उभं राहिलं की कळतं, पदराच्या सावलीत हिरवट करडा आहे.

बघणारे ‘अगदी हुबेहूब!’ म्हणून पुढे सरकतात. खरं तर हुबेहूबपणा हा त्यातला सोपा भाग. फोटोवर एकेक इंचाच्या चौकटी आखायच्या, जमिनीवर त्याच चौकटी सहा-सहा इंचांच्या करायच्या आणि खडूने रेषा उतरवायच्या. सराव असलेल्या हाताला हे दोन तासांचं काम. मेहनत आहे ती आधी जमिनीत आणि मग रंगात.

गुळगुळीत टाइल्सवर रांगोळी घसरते, बोट टेकलं की थर फाटतो. म्हणून बारा मिलिमीटरच्या प्लायवर किंवा थेट फरशीवर करड्या रंगाचा, चमक नसलेला हात देतात. तो किमान एक दिवस वाळला पाहिजे. ओल राहिली तर ती वरच्या पुडीत चढते आणि दुसऱ्या दिवशी गालावर डाग दिसतो. वरून कितीही रंग टाकला तरी हा डाग पुन्हा वर येतो.

दुकानात इथे ‘चिरोडी’ मागायची. ती मऊ, पिठासारखी असते आणि चेहऱ्याला चांगली. आपल्याकडची शिरगोळ्याची रांगोळी थोडी खरखरीत; ती पार्श्वभूमीला, दगडी भिंतीला, घोंगडीच्या पोताला वापरावी. तांदळाचं पीठ मिसळू नका, रात्रीतून मुंग्या लागतात. बारीक मीठ काही जण स्वस्त म्हणून घालतात. दिवाळीच्या कोरड्या हवेत ते निभावतं, पण तीच पुडी पुढच्या गणपतीत काढली तर पाणी सुटलेलं असतं.

चार बाय पाच फुटांच्या चित्राला प्रत्यक्षात तीन-साडेतीन किलो पुडी बसते. मात्र सहा-सात किलो करून ठेवावी लागते, कारण एखादी छटा मध्येच संपली तर तीच पुन्हा जमत नाही. कोरडा लेक कलर (न विरघळणारी रंगाची पूड) पांढऱ्या पुडीत घालून मिक्सरमधून फिरवायचा आणि मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळायचा. शंभर ग्रॅम पुडीला पाच ग्रॅम रंग म्हणजे फिकी छटा, वीस ग्रॅम म्हणजे गडद. काळा मात्र असा होत नाही. पांढऱ्यात कितीही काळा घाला, करडाच राहतो. केसांना आणि बुबुळांना गाळलेली कोळशाची पूडच लागते. त्वचेसाठी पिवळी माती, गेरू, पांढरा आणि चिमूटभर हिरवा यांच्या दहा-बारा छटा वाट्यांमधून ओळीने मांडतात. हा हिरवा विसरला की माणूस बाहुलीसारखा दिसतो.

छटा ठरवताना सभागृहात जे दिवे असणार तेच वर हवेत. दुपारच्या उजेडात जुळवलेला गोरेपणा रात्री पिवळ्या झोतात काविळीसारखा दिसतो. प्रदर्शनात एखादा चेहरा आजारी वाटला तर कलाकाराला बोल लावण्याआधी वर बघा.

भरताना आधी चहाच्या गाळणीने मधल्या छटेचा सारखा थर. मग डोळे. डोळे चुकले तर लगेच पुसता येतात, सगळं झाल्यावर नाही. त्यानंतर सावल्या आणि शेवटी उजेड. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीतून पुडी सोडताना हात जमिनीपासून इंचभरच वर ठेवायचा. उंचावरून सोडली तर कडा धुरकट होते; मिशीला ते चालतं, पापणीला नाही. दोन छटांची सीमा कोरड्या मऊ कुंचल्याने नुसती हलवायची, दाबायची नाही. सयाजीरावांचं चित्र काढणाऱ्याची खरी परीक्षा पांढऱ्या अंगरख्यात असते, कारण तिथे निव्वळ पांढरा शेवटच्या दोन-चार घड्यांपुरताच वापरायचा. बाकी सगळं निळसर आणि पिवळसर करडं. पूर्ण चित्राला वीस-तीस तास लागतात आणि तेवढा वेळ नाकातोंडावर फडकं हवंच. ही दगडाची धूळ आहे, छातीत बसते.

वर स्प्रे मारून चित्र पक्कं करण्याची कल्पना दरवर्षी कुणाला तरी सुचते. स्प्रेच्या थेंबांनी खड्डे पडतात आणि रंग काळवंडतात.

गर्दी असते ती त्रिमिती रांगोळीपुढे, म्हणजे जमिनीवर सपाट काढलेली वस्तू जिथे उभी असल्यासारखी भासते तिथे. आमच्या मते तिचं कौतुक जरा जास्तच होतं, पण गणित सुरेख आहे. बघणाऱ्याचे डोळे जमिनीपासून पाच फुटांवर आणि चित्राची सुरुवात त्याच्या पायांपासून सहा फुटांवर धरा. तिथे एक फूट उंच उभी वस्तू भासवायची तर जमिनीवर ती दीड फूट लांब काढावी लागते, दोन फुटांची चार फूट आणि तीन फुटांची नऊ फूट. चार फुटांना चोवीस फूट जागा लागेल, म्हणून सभागृहात तीनच्या वर सहसा कुणी जात नाही. रुंदीही वाढते, तीन फुटांच्या टोकाला एका फुटाची अडीच फूट होते. ही दुसरी बाब राहून गेली की बाटलीचं तोंड सुतळीएवढं दिसतं. जमिनीवर पावलं रंगवलेली असतात तिथेच उभं राहायचं, एक डोळा मिटायचा किंवा फोन डोळ्यांच्या उंचीवर धरायचा. साडेतीन फुटांवर डोळे असलेल्या मुलाला तीच वस्तू जेमतेम दोन फुटांची आणि बसकी दिसते, तेव्हा त्याला कडेवर घ्या.

पाण्यावरच्या रांगोळीचं एवढंच: पाणी तासभर स्थिर ठेवायचं, त्यावर कोळशाची किंवा शंखजिऱ्याची वस्त्रगाळ पूड चाळायची आणि मग रंग अगदी हलक्या हाताने. पाण्याच्या पृष्ठताणावर सगळं तरंगतं. भांड्याला साबणाचा अंश राहिला असेल तर तो ताण तुटतो आणि चित्र बघता बघता बुडतं.

भिंतीवर ‘पंखो चालू करवो नहीं’ अशी पाटी असते, तरी संध्याकाळी गर्दीत उकडलं की कुणाचा तरी हात बटणाकडे जातोच. जाणते कलाकार बटणावर चिकटपट्टी लावतात. बघणाऱ्यांना अडवणारी दोरी चित्रापासून दोन फुटांवर हवी. त्याहून जवळ असली तर ओढणीचं टोक आणि खांद्यावरची पिशवी झाडूचं काम करतात. तुम्ही शक्यतो दुपारी या. गर्दी कमी असते आणि कलाकार स्वतः छटांच्या वाट्या दाखवायला मोकळा असतो.

संपल्यावर सगळं मऊ झाडूने गोळा करतात. मिसळलेली पुडी मातकट करडी होते. ती चाळून, उन्हात वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली तर पुढच्या वर्षी पार्श्वभूमीच्या पहिल्या थराला चालते. चेहऱ्याला ती वापरू नये, तिच्यात कोळसा असतो.