घाटाच्या पायऱ्या मोजायच्या नसतात

मोबाईलमधली जागा संपली, म्हणून एका दुपारी दुकान बंद असताना फोटो पुसायला बसलो. वाईला माझं औषधांचं दुकान आहे. सकाळी घाटावर फिरायला जायचं, येताना चार-दोन फोटो काढायचे, ही जुनी सवय. ते नंतर कुणी बघत नाही, मीसुद्धा नाही. पुसता पुसता लक्षात आलं, की गणपती घाटाचे, नदीच्या पलीकडून काढलेले, जवळजवळ सारखे चाळीसेक फोटो आहेत. थंडीतलं धुकं, पाण्यात उलटं पडलेलं देऊळ, पायऱ्यांवर धुणं. इतके कशाला काढले होते ते मलाच कळेना, पण पुसवेनातही. त्याच दुपारी माळ्यावरून मुलीच्या इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेचं रंगसामान खाली काढलं, म्हटलं या फोटोंवरून चित्रं काढून बघू.

माझी स्वतःची चित्रकला एलिमेंटरीला ‘सी’ ग्रेडवर थांबली होती. स्मरणचित्राला जत्रा आली होती आणि मी माणसांशिवाय जत्रा काढली होती. तर ते असो. मुलीच्या डब्यात पाच मिलीच्या ट्यूब होत्या, बहुतेकांची झाकणं घट्ट बसलेली. पातळ औषधाचं झाकण अडकलं की गिऱ्हाइकाला सांगतो तेच केलं, गरम पाण्यात धरली. सात उघडल्या, दोन फुटल्या.

पहिलं चित्र असं केलं. कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडून चार बाय सहाची प्रिंट आणली, तिच्यावर पट्टीनं चौकटी आखल्या, वहीच्या पानावर तेवढ्याच चौकटी आखल्या आणि एकेक घर बघून उतरवत गेलो. यात दोन घोळ झाले. मोबाईलचा फोटो चारास तीन या मापाचा आणि प्रिंट सहास चार, त्यामुळे प्रिंट काढताना वरखालून पट्ट्या कापल्या गेल्या आणि कळसाचं टोक गेलं. वहीचं पान तर प्रिंटपेक्षाही लांबट. चौकटी मोजून तेवढ्याच पाडल्या, पण त्या चौरस न राहता आडव्या ताणल्या गेल्या. ढोल्या गणपतीचं देऊळ होतं त्याहून ढोलं झालं. पायऱ्या मात्र मी एकेक मोजून काढल्या होत्या, प्रत्येकीला काळ्या रेघेची कड. आभाळ ट्यूबमधलं निळं, झाडं ट्यूबमधली हिरवी.

बायकोनं बघितलं आणि म्हणाली, “नकाशा छान आलाय.”

त्यानंतर चार-पाच चित्रं अशीच गेली. कागद भिजला की पापडासारखा वर यायचा आणि दुसऱ्यांदा ब्रश फिरवला की त्याचे बुरे निघायचे. मला वाटायचं हात वाईट आहे. हात वाईट होताच, पण कागदही वहीचाच होता.

आमच्याकडे रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला शाळेतले एक निवृत्त ड्रॉइंगचे सर येतात. एकदा काउंटरखाली ठेवलेलं चित्र त्यांच्या नजरेस पडलं. मी लाजून झाकायला गेलो, तर म्हणाले, “राहू द्या की. फोटो कुठाय?” फोटो दाखवला. दोन्ही शेजारी ठेवले, चष्मा वर केला, डोळे बारीक केले.

“पायऱ्या किती आहेत हो?”

मी आकडा सांगितला.

“मोजल्यात! तिथं रोज जाता ना? जाता तेव्हा मोजता का?”

मग त्यांनी देवळाच्या मागच्या भिंतीवर बोट ठेवलं. “हे देऊळ पहिल्याच पुरात वाहून जाईल.”

वाईकराला हे लागायलाच हवं. पेशव्यांचे सरदार रास्ते यांनी १७६२ साली हे देऊळ नदीच्या काठावर बांधलं, तेव्हा मागची भिंत माशासारखी निमुळती केली, म्हणजे पुराचं पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी जावं. हे मी लहानपणापासून ऐकतोय, पाहुण्यांना दाखवतोय. पण माझ्या फोटोच्या कोनातून भिंत सपाट दिसत होती, म्हणून मी सपाट काढली. ठाऊक असलेलं बाजूला ठेवून यंत्राला दिसलं ते उतरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन त्या भिंतीवरून हात फिरवून आलो. नंतरच्या चित्रात तिथं उजेड हळूहळू सावलीत वळतो एवढंच दाखवलं, दोन ओल्या रंगांची कड एकमेकांत सोडून. तेवढ्यानं भिंत वळली.

सरांनी फी घेतली नाही, अभ्यास दिला. पहिला अभ्यास: फोटो मोबाईलवरच कृष्णधवल करायचा आणि त्यात फक्त तीन छटा शोधायच्या, उजळ, मधली, गडद. दोन इंची चौकटीत, पेन्सिलीनं, पाच मिनिटांत. कागद वाया घालवायचा नाही म्हणून मी औषधांची खोकी उलगडून आतल्या कोऱ्या बाजूवर काढायचो. कॅल्शियमच्या गोळ्यांचं खोकं उत्तम, कोरी बाजू मोठी मिळते. त्याच पुठ्ठ्याच्या दोन काटकोनी पट्ट्या कापून त्या प्रिंटवर सरकवत राहायचं, कुठला तुकडा घ्यायचा ते ठरत नाही तोवर. चाळीस फोटोंपैकी अख्खा घेण्यासारखा एकही निघाला नाही. एकात मात्र डाव्या कोपऱ्यात एक तुकडा होता: चार पायऱ्या, एक पिंप आणि पाण्यातला उजेड. तो मी काढताना बघितलाही नव्हता.

दुसरा अभ्यास जास्त जाचक. महिनाभर दोनच रंग, अल्ट्रामरिन निळा आणि बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी. मी म्हटलं, “सर, झाडं?” ते म्हणाले, “महिनाभर झाडं राखाडी.” हे दोन रंग एकमेकांना मारतात. निळा जास्त घातला तर धुक्याचा गार करडा येतो, सिएना जास्त घातला तर ऊन लागलेला दगड, दोन्ही दाट घेतले तर जवळजवळ काळा. शिवाय अल्ट्रामरिनचे कण कागदाच्या खळग्यात जाऊन बसतात आणि वाळल्यावर बारीक दाणा दिसतो. घाटाचा काळा पाषाण मी रेघा मारमारून दाखवायला बघत होतो, तो या मिश्रणानं आपसूक दिला. प्रमाण मोजून मिसळणं हा माझा धंदाच, तेव्हा सुरुवातीला खोकल्याच्या औषधाच्या मापात थेंब मोजून छटांचा तक्ता केला. सर हसले, पण तक्ता घरी घेऊन गेले.

मधेच कागद बदलला. जाड, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), दाणेदार, पाव ताव घेतला, म्हणजे पंधरा बाय अकरा इंच. हे माप मोबाईलच्या चारास तीनला जवळजवळ बरोबर बसतं, त्यामुळे चौकटींचा घोळही मिटला. कागद महाग आहे, ते खोटं कशाला बोलू. पण पुढचा सगळा पैसा वाचवायचा असेल तर ब्रशांवर वाचवा, रंगांच्या संख्येवर वाचवा, कागदावर नको. मला आठ आणि बारा नंबरचे दोन गोल ब्रश आणि एक चपटा पुरतो. आभाळ रंगवताना बोर्डाखाली एका कडेला डिक्शनरी ठेवून उतार द्यायचा, भरलेल्या ब्रशनं वरून आडवा हात मारायचा, खालच्या कडेला जमलेला थेंबांचा पाट पुढच्या हातानं खाली ओढत न्यायचा. मधे थांबायचं नाही. एकदा आभाळ अर्ध्यावर असताना शटर वाजलं, इन्सुलिन पाहिजे होतं. परत येईतो आभाळात फुलकोबी उमलली होती. ओलसर रंगात उशिरा पाणी गेलं की ती येतेच. ते चित्र ठेवलंय, ढग म्हणून खपतं.

फोटोबद्दल जे कळलं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर. मोबाईलचं भिंग रुंद कोनाचं असतं. जवळ उभं राहून, मोबाईल वर करून देऊळ घेतलं की शिखर मागं कलंडतं. डोळ्याला ते खटकत नाही, पण तसंच कागदावर उतरवलं तर देऊळ पडायला आल्यासारखं दिसतं. आता मी लांब उभा राहतो, मोबाईल सरळ धरतो आणि दुप्पट झूम करतो. दुसरं, उजेड-सावली एकदम असेल तर फोटो एकाचीच बाजू घेतो. आभाळ धरलं तर कमानीखाली कोळसा, कमान धरली तर आभाळ पांढरंफटक. म्हणून एकाच जागेवरून दोन फोटो घ्यायचे, एकदा आभाळावर बोट दाबून, एकदा सावलीवर. तरी सावलीचा रंग फोटोत नीट मिळत नाहीच. माझ्या फोटोत काळी दिसणारी सावली घाटावर जाऊन बघितली तर निळसर होती आणि पाण्याजवळ तिच्यात खालून उजेड चढत होता. तेव्हापासून खिशात छोटी डायरी असते: ‘पायऱ्यांची सावली, निळी, खाली कोमट. धुकं पांढरं नाही, फिकट भगवं.’ सकाळी फिरणारी मंडळी विचारतात, हिशेब लिहिताय काय. हो म्हणतो.

तिसरं, स्क्रीनवर बघून रंगवू नये असं माझं मत. स्क्रीन आतून पेटलेली असते, तिच्याशी कागद बरोबरी करूच शकत नाही. कागदाकडे सगळ्यात उजळ गोष्ट एकच, कोरा कागद, आणि तो आधी राखून ठेवावा लागतो. जलरंगात नंतर पांढरा लावून ते तेज येत नाही, मी ट्यूब संपवून बघितलंय. हे पटल्यावर मला म्हैसूरची सहल आठवली. जगनमोहन राजवाड्यात निरांजन हातात धरलेली ती साडीतली बाई बघायला आम्ही रांगेत उभे होतो. पुष्कळ जण ते चित्र राजा रविवर्म्याचं समजतात, पण ते सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं, आणि कागदावर जलरंगात केलेलं. तेव्हा मी ‘ज्योत किती खरी’ म्हणून पुढे सरकलो होतो. आता वाटतं, तो माणूस पहिला ब्रश टेकवण्याआधी किती वेळ नुसता बसला असेल.

माणसांचं सरांनी एका वाक्यात मिटवलं. “गाजर काढा, वर ठिपका ठेवा.” खरंच तेवढंच. खाली निमुळतं होणारं गाजर, वर थोडी फट सोडून डोक्याचा ठिपका. लांबून माणूस चालताना दिसतो. पाय काढायला गेलं की खांब उभे राहतात. जत्रेच्या चित्राला हे तेव्हाच कुणी सांगितलं असतं तर ग्रेड सुधारली असती.

वर्षभरानं घाटाचं एक चित्र दुकानात लावलं, गोळ्यांच्या कपाटाशेजारी. त्यात विजेचा खांब नाही, वाढदिवसाचा फलक नाही, मोटारसायकल नाही. फोटोत हे तिन्ही होतं. पायऱ्या वरच्या तीन नीट आहेत, बाकीच्या एकाच ओल्या हातात धुक्यात गेल्यात. धुणं धुणारी एक बाई आहे, ती दुसऱ्याच दिवशीच्या फोटोतली. घाटावर रोज येणाऱ्या एका आजींनी औषध घेताना चित्र निरखलं आणि म्हणाल्या, “ही वरची तिसरी पायरी हलते. सांभाळून उतरावं लागतं.” पायरी फोटोत बघितली, ओळखू आली नाही. घाटावर जाऊन पाय दिला, हलली.

सध्या हिरव्यावर अडलोय. वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणीच्या घाटातून श्रावणात काढलेला एक फोटो आहे, त्यात वरपासून खालपर्यंत नुसतं हिरवं: जवळचं गवत, मधली शेतं, लांबचे डोंगर. कृष्णधवल केला तर सगळं एकाच छटेत जातं, म्हणजे माझी तीन छटांची किल्लीच चालत नाही. सरांनी ट्यूबमधला हिरवा बंद केलाय. पिवळ्यात निळा, मग चिमूटभर सिएना किंवा क्रिमसन, म्हणजे गडद लाल, अशा करून खोक्यांच्या मागं बत्तीस हिरव्या छटा झाल्यात. त्यातल्या चार शेताच्या वाटतात, डोंगराची एकही नाही. फोटोत डोंगर शेताइतकाच हिरवा आहे. सर म्हणतात, “तो हिरवा नाहीच, जाऊन बघा.” रविवारी पाऊस थांबला तर डायरी घेऊन जाणार आहे.