भांडणाच्या सणाला दिवाडीला

फेरीबोटीत स्कूटर चढवत होते, तेवढ्यात शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "तूं कोणाचें गो?"

नाव नाही, गाव नाही, धंदा नाही. थेट कुणाची. माझं आजोळ कुडाळकडचं, त्यामुळे मुलीला नपुंसकलिंगात ओढलं की मला राग येत नाही, उलट आजी आठवते. मी मैत्रिणीच्या वाड्याचं, म्हणजे वस्तीचं, नाव सांगितलं, मग तिच्या आजीचं. "शिंवण करता ती?" मी मान हलवली. त्याचं समाधान झालं. स्कूटर अजून थोडी पुढे घे, मागे गाडी यायचीय, अशी त्याने हातानेच खूण केली आणि कठड्याला टेकून नदीकडे बघत बसला.

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून दिवाडी बेटावर जायला पाच-सात मिनिटं पुरतात. मांडवीचं ऑगस्टातलं गढूळ पाणी, मागे जुन्या राजधानीचे पांढरे मनोरे, पुढे नुसती हिरवी भिंत. चालत येणाऱ्याला तिकीट नाही. रायबंदरहून एक फेरी येते, नार्व्याहून एक. बेटावर पूल नाही. त्यामुळे डॉक्टरकडे निघालेला, मासळी आणणारी, कॉलेजची पोरं, पाद्री, सगळे दिवसातून दोनदा त्याच लोखंडी फळीवर खांद्याला खांदा लावून उभे राहतात. बेटाचा चौक कुठे आहे असं मला कुणी विचारलं तर मी या बोटीकडे बोट दाखवेन. कोण आजारी आहे, कुणाची मुलगी लिस्बनहून आलीय, कुणाच्या विहिरीला पाणी खारट लागतंय, हे मला पलीकडच्या धक्क्याला लागायच्या आत कळलं होतं. त्यातलं निम्मं मला सांगितलेलं नव्हतं.

मी गेले होते बोंदेरामला. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी पिएदाद गावात हा सण होतो. पोर्तुगीजमध्ये झेंड्याला बांदेरा म्हणतात, त्यावरून बोंदेराम. गोष्ट अशी सांगतात की इथल्या वाड्यांमध्ये जमिनीच्या हद्दींवरून कायम भांडणं व्हायची, हाणामाऱ्या व्हायच्या, माणसंही जायची. पोर्तुगीजांनी तोडगा काढला: हद्दीवर निरनिराळ्या देशांचे झेंडे रोवले. लोकांनी काय केलं? दगड मारून झेंडे पाडले. आता त्या भांडणाची नक्कल म्हणून वर्षातून एकदा वाडे झेंडे घेऊन, वाजत गाजत मिरवतात. सरकारी तोडग्याची टिंगल वर्षानुवर्षं सण म्हणून साजरी करणारी माणसं मला आधीच आवडली होती.

पण खरं सांगायचं तर शनिवारपेक्षा मला शुक्रवार जास्त आठवतो.

मैत्रिणीच्या घराला बाल्कांव आहे. गोव्यातल्या जुन्या घरांना असतं तसं: दारापुढे चार पायऱ्या, वर छप्पर, दोन्ही बाजूंना भिंतीतच बांधलेले बाक. बाकाला सोपो म्हणतात. आपल्याकडची ओसरी घराच्या आत वळलेली असते, बाल्कांव रस्त्याकडे तोंड करून बसतं. संध्याकाळी पाचनंतर त्यावर कोण बसलंय हे घरच्यांनाही नक्की माहीत नसतं. मी पोचले तेव्हा तिची शामांय, म्हणजे आजी, पायमशीन बाहेर काढून तिथेच झेंडा शिवत होती. शेजारच्या दोघी कापड धरून. एक काका नुसते सूचना देण्यासाठी आलेले.

शामांयने मला बसवलं आणि झेंड्याची नळी धरायला दिली. काठी ज्यात जाते ती नळी. ती तीनदा शिवायची, कारण पोरं झेंडा काठीला धरून नाही, कापडाला धरून ओढतात. वरचा कोपरा आतून दुमडून त्यात जुन्या पॅंटचा जाड तुकडा घालायचा, कारण टेकडीवरून वारं येतं आणि पहिला तोच फाटतो. नळी बांबूपेक्षा दोन बोटं सैल हवी, नाहीतर पावसात भिजून बांबू फुगला की निघत नाही. हे सगळं ती तोंडात टाचण्या धरून सांगत होती. सूचनावाल्या काकांचं म्हणणं, गेल्या वर्षी नळी घट्ट होती म्हणूनच आपला झेंडा ताठ दिसला. त्यावर अर्धा तास वाद. मी इतकी वर्षं कचेरीत बैठका करते, पण एका शिवणीवर इतकं मुद्देसूद कुणी बोललेलं ऐकलं नव्हतं.

पायरीवर मैत्रिणीचा भाचा फोताश तासत होता. पेर नसलेला बांबूचा तुकडा, त्यात नेमका बसेल असा दांडा. एक हिरवं बारीक फळ कोंबून पार टोकाला न्यायचं, मागून दुसरं कोंबायचं, आणि दांडा जोरात ढकलायचा. मधली हवा दबते आणि पुढचं फळ फट्कन सुटतं. त्याने मला चालवून बघ म्हणून दिलं. माझं फळ दीड फुटावर पडलं. त्याचं समोरच्या घराच्या पत्र्यावर वाजलं आणि आतून कुणीतरी त्याच्या आईचा उद्धार केला. ते समोरचं घर दुसऱ्या वाड्याचं. हद्द म्हणजे मधला रस्ता, जेमतेम एक रिक्षा जाईल एवढा.

रात्री आठला सगळे उठले. वाड्याच्या खुरसाजवळ, म्हणजे रस्त्याकडेच्या पांढऱ्या क्रूसाजवळ, कुणाचा तरी नवस होता, म्हणून लदाईन. क्रूसाला झेंडूच्या माळा, पुढे मेणबत्त्या, पावसाची भुरभुर म्हणून वर ताडपत्री. एक माणूस व्हायोलिन घेऊन आला, त्याने छत्रीखाली तारा लावल्या. मग लॅटिनमध्ये प्रार्थना, मधे कोंकणी गीत. बायकांचा एक सूर, पुरुषांचा त्याखाली दुसरा. शब्द मला समजले नाहीत, पण ओळीच्या शेवटी सगळे मिळून जो प्रतिसाद देत होते, तो तिसऱ्या वेळी माझ्याही तोंडून निघाला. आपल्या आरतीला पाठ नसलेलं माणूस जसं फक्त "जय देव जय देव"ला जोर लावतं, तसं.

संपल्यावर कागदाच्या पुड्यांतून उकडलेले चणे वाटले, वर खोबऱ्याचे तुकडे. मोठ्यांना फेणीचा घोट. लहानांना सरबत. मला कुणी विचारलं नाही, दोन्ही दिलं. समोरच्या वाड्याची माणसंही आली होती. संध्याकाळी पत्र्यावर फळ वाजल्यावर ओरडलेली बाई माझ्याच शेजारी उभी होती. तिने स्वतःच्या पुडीतलं खोबरं काढून शामांयच्या पुडीत टाकलं. "हिला दात आहेत अजून, मला नाहीत," असं काहीतरी मला मराठीत समजावून सांगितलं. बेटावरची बरीच वडीलधारी माणसं मी बोलायला लागले की मराठीवर येत होती. मग मीच मोडक्या मालवणीत शिरायचे, आणि दोघी अर्ध्या वाटेत भेटायचो.

इथल्या भांडणांचं कारण मला शनिवारी सकाळी कळलं, तेही सणाशी संबंध नसताना. सूचनावाले काका मला शेताकडे घेऊन गेले. दिवाडीची बरीच शेती खाजन जमीन आहे: भरतीच्या पातळीखालची, नदीपासून मातीच्या बांधाने राखलेली. बांधात मानस असते, लाकडी झडपांचं दार. भरतीला पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडतं. आत कोरगूट पिकतो, खारं पाणी थोडंफार सोसणारा भात. शतकानुशतकं ही जमीन गावकरीची, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांच्या मंडळाची. पोर्तुगीजांनी तिला कोमुनिदाद म्हटलं. बांध राखणं सगळ्यांचं काम. एका जागी खेकड्यांनी बीळ केलं आणि कुणी बघितलं नाही, तर खारं पाणी एकाच्या नाही, सगळ्यांच्या वाफ्यात. काका बांधावर उभे राहून म्हणाले, "हद्दीवरून मारामारी केली आम्ही. पण बांध फुटला तर रात्री दोन्ही वाडे इथेच चिखलात." मग त्यांनी चपलेने एक बीळ दाबून बुजवलं. ते कुणाच्या वाट्याला येतं हे मी विचारलं. समोरच्या वाड्याच्या.

वाटेत टेकडीवरच्या चर्चशी थांबलो. आमची माणसं इथून सिलोनपर्यंत गेलीत, असं काका अभिमानाने म्हणाले. त्यांच्या मनात जाकोम गोन्साल्विस होते. 1676 साली दिवाडीत जन्मलेला हा पाद्री श्रीलंकेत गेला आणि सिंहली भाषेत इतकं लिहून बसला की तिकडे कॅथलिक सिंहली साहित्याचा जनक म्हणून त्याचं नाव घेतात. दफनभूमीत एक छोटं चॅपेल आहे, त्याच्या छताची नक्षी कदंबांच्या काळातल्या देवळाची. बेटाच्या दुसऱ्या टोकाला नार्वे. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ तिथे होतं. पोर्तुगीजांनी ते सोळाव्या शतकात पाडलं आणि लोकांनी लिंग नदीपलीकडे नेलं. पलीकडचं गावही नार्वेच. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार 1668 साली शिवाजी महाराजांनी करवला. देव गेला तरी माणसं येत राहिली: गोकुळाष्टमीला अजूनही बेटावरच्या नार्व्याच्या पाण्यात तीर्थस्नान करायला लोक जमतात. काकांनी हे सगळं एका दमात सांगितलं, देऊळ आणि चर्च दोन्ही "आमचं" म्हणून.

आता शनिवारची दुपार. इथे माझी चूक सांगायला हवी. मी सामानात एकच बरा कुर्ता आणला होता, लालभडक. मैत्रिणीने तो बघितला, काही बोलली नाही. नंतर कळलं की मुद्दामच. आमच्या वाड्याचा रंग पिवळा होता. लाल समोरच्यांचा.

मिरवणूक निघाली, बॅंड, चित्ररथ, मुखवटे, एका ट्रॅक्टरवर थर्माकोलचा मगर. लाउडस्पीकर इतके की आदल्या रात्रीचं व्हायोलिन स्वप्न वाटावं. बाहेरून आलेली गर्दी, हातात बिअर, बेटाच्या एकुलत्या एक रस्त्याची दशा. हा भाग मला फारसा आवडला नाही. तुम्हाला आवडेल, फोटो छान येतात. मी आपली पिवळ्यांच्या घोळक्यात लाल कुर्ता घालून शिवलेल्या झेंड्याच्या मागे चालत होते. लालवाल्या पोरांना वाटलं मी त्यांची, वाट चुकले. त्यांनी मला हाताला धरून आपल्यात ओढलं. पिवळ्यांनी परत ओढलं. कुणीतरी ओरडलं, "फितूर!" आणि दोन्हीकडून फोताश सुटले. पाठीवर, कानावर, एक फळ नेमकं चष्म्याच्या काचेवर. ते लागत नाहीत असं मला सांगण्यात आलं होतं. लागतात.

पायरीवर बसून मी चष्मा पुसत होते तेव्हा समोरच्या घरातून ती खोबऱ्यावाली बाई आली. तिने पाणी दिलं, मग ताटलीत सान्नां, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या इडल्या, आणि सोरपोतेल, डुकराच्या मांसाचा आंबट-तिखट रस्सा. तिथे बसून खाल्लं तर कुठल्या वाड्याची होईन, हा विचार माझ्या मनात खरंच येऊन गेला. दोन दिवसांत एवढी प्रगती. तेवढ्यात शामांय बाल्कांवावरून ओरडली की तिच्याकडे सोरपोतेल खाऊ नकोस, व्हिनेगर जास्त असतं. बाई उलट ओरडली. दोघी रस्त्याच्या दोन बाजूंनी पाच मिनिटं व्हिनेगरवर भांडल्या. शेवटी शामांय वाटी घेऊन रस्ता ओलांडून आली, चव घेतली, काही न बोलता आणखी वाढून घेतलं.

रात्री फेरीला एवढी रांग होती की मी परत घरीच आले. पाहुण्यांची गर्दी ओसरायला मध्यरात्र झाली. मग आवाज आला झाडूंचा. दोन्ही वाड्यांची पोरं रस्त्यावरच्या बाटल्या पोत्यात भरत होती, कोण जास्त पोती भरतं यावर पुन्हा शर्यत.

रविवारी सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा ऐकून जाग आली. शामांयने गरम पोयांची पिशवी माझ्या स्कूटरला अडकवली. झेंडा धुऊन दोरीवर वाळत होता, वरचा कोपरा शाबूत. सूचनावाले काका तिथे उभे राहून नळी तपासत होते. "सैल झाली," ते म्हणाले.

धक्क्यावर बोट पलीकडून निघायची होती. बाकावर मासळीची रिकामी टोपली घेऊन बसलेल्या एका बाईने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तूं कोणाचें गो?"

मी तोंड उघडायच्या आत मागून एक पोरगा बोलला. काल माझ्या चष्म्यावर नेम धरणारा तोच असावा.

"तें? तें तांबडें शर्ट," तो म्हणाला. बाईने ओळखीची मान हलवली आणि बाकावर मला जागा करून दिली.